साम्राज्य गेलं, भूमिका सापडेना: डीन ॲचेसन यांच्या १९६२च्या भाषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना हे एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. परीक्षेपुरतं हवं असेल त्यांनी पहिली तीन वाचून उठावं, राग नाही.

हे भाषण कोणी, कुठे, कधी दिलं?

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांनी ५ डिसेंबर १९६२ रोजी वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत. समोर होते विद्यार्थी. तिथे दरवर्षी अमेरिकेच्या धोरणांवर विद्यार्थी परिषद भरते, तिच्यातलं हे व्याख्यान. ना संसद, ना शिखर परिषद. पाच-सहाशे शब्दांची बातमी व्हावी आणि विसरली जावी, असला प्रसंग. पण त्यातलं एक वाक्य अटलांटिक ओलांडून लंडनला पोचलं आणि तिथे आग लागली.

ते वाक्य मराठीत कसं सांगायचं?

सरळ सांगायचं तर: 'ग्रेट ब्रिटनने साम्राज्य गमावलं आहे आणि त्याला अजून भूमिका सापडलेली नाही.'

इथे दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे 'अजून'. वाक्य उद्धृत करणारे बहुतेक लोक हा शब्द खातात. तो खाल्ला की वाक्य शाप वाटतं, ठेवला की डॉक्टरचं निदान वाटतं. ॲचेसन यांच्या मते ब्रिटनला भूमिका होती, ती युरोपात होती, आणि ब्रिटन उगाच इकडे-तिकडे शोधत होता.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. इंग्रजीतल्या 'रोल'ला आपण भूमिका म्हणतो, पण मराठीत भूमिका दोन प्रकारची असते: नट रंगमंचावर करतो ती, आणि पुढारी पत्रकार परिषदेत घेतो ती. ॲचेसन पहिल्या प्रकाराबद्दल बोलत होते. पुढच्याच वाक्यात त्यांनी ब्रिटनच्या वेगळ्या भूमिकेचा प्रयोग जवळपास संपत आल्याचं म्हटलं. आपल्याकडे विद्यार्थी हमखास दुसरा अर्थ घेतात आणि लिहितात की 'ब्रिटनची भूमिका स्पष्ट नव्हती'. स्पष्ट नव्हती असं नाही. ब्रिटनच्या भूमिका दर आठवड्याला ठामपणे जाहीर होत होत्या. नाटकच उरलं नव्हतं.

पुढचं वाक्य काय होतं?

खरा मार तिथे आहे, आणि ते कोणी वाचत नाही. आशय असा: युरोपपासून वेगळं राहून, अमेरिकेशी असलेल्या 'खास नात्या'च्या भरवशावर, आणि राष्ट्रकुलाचे प्रमुख असल्याच्या भरवशावर स्वतंत्र सत्ता म्हणून वावरण्याचा ब्रिटनचा प्रयत्न आता जवळजवळ संपला आहे. राष्ट्रकुलाला ना राजकीय बांधणी, ना एकी, ना बळ. स्टर्लिंग क्षेत्र (पौंडाशी चलन बांधलेल्या देशांचा गट) आणि ब्रिटिश बाजारातल्या सवलती एवढ्यावरच त्याचं आर्थिक नातं कसंबसं तग धरून आहे.

हे तीन मुद्दे हवेतून आलेले नाहीत. ऑक्टोबर १९४८ मध्ये चर्चिल यांनी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात तीन वर्तुळांचा सिद्धांत मांडला होता. एक वर्तुळ साम्राज्य-राष्ट्रकुलाचं, दुसरं इंग्रजी बोलणाऱ्या जगाचं, तिसरं युरोपचं. ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात, त्या बिंदूवर ब्रिटन उभा आहे, म्हणून ब्रिटन मोठा. चौदा वर्षं लंडनमधल्या प्रत्येक सरकारने, हुजूर असो वा मजूर, हेच चित्र भिंतीवर टांगून ठेवलं होतं. ॲचेसन यांनी तिन्ही वर्तुळांवर एकेक फुली मारली. ब्रिटिशांना ते न सांगताही कळलं.

म्हणजे संपूर्ण भाषण ब्रिटनवर टीका करणारं होतं?

मुळीच नाही. विषय होता अटलांटिक आघाडी: अमेरिका आणि पश्चिम युरोप यांचं राजकीय आणि आर्थिक नातं. ब्रिटनचा भाग एका परिच्छेदाचा.

ॲचेसन तेव्हा कोणत्या पदावर होते?

कोणत्याही नाही. परराष्ट्रमंत्री होते ते १९४९ ते १९५३, अध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात. नाटोचा करार झाला तो एप्रिल १९४९ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत. मार्शल योजना (युद्धानंतर युरोपला आर्थिक मदत) आणि ट्रूमन सिद्धांत (साम्यवादाला रोखण्याचं धोरण) यांच्या घडणीत त्याआधी उपमंत्री म्हणून त्यांचा हात होता. म्हणजे ज्या व्यवस्थेत ब्रिटनचं स्थान शोधायचं, ती व्यवस्था उभारणाऱ्या गवंड्यांपैकी हा एक.

१९६२ साली ते केनेडींचे वडीलधारे सल्लागार होते. ऑक्टोबरमध्ये क्यूबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा केनेडींनी त्यांनाच पॅरिसला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्याकडे पाठवलं. द गॉल यांनी विचारलं: तुम्ही सल्ला घ्यायला आलात, की निर्णय कळवायला? ॲचेसन म्हणाले, कळवायला. द गॉल यांनी पाठिंबा दिला आणि मनात नोंद करून ठेवली. युद्धाच्या उंबरठ्यावर दोस्तांना विचारलं जात नाही, कळवलं जातं, हे ॲचेसन यांनी स्वतः निरोप्या होऊन अनुभवलं होतं. त्यानंतर दीडच महिन्यात त्यांनी वेस्ट पॉइंटला ब्रिटनच्या 'स्वतंत्र भूमिके'बद्दल तोंड उघडलं. या दोन गोष्टी जोडून वाचल्या तर वाक्यातला कोरडेपणा समजतो.

इंग्रजांचा द्वेष होता का त्यांना?

उलट. वडील जन्माने इंग्रज, पुढे अमेरिकेत बिशप झालेले. आई कॅनडातली. मिशा, सूट, बोलणं, सगळ्यात ॲचेसन यांचा थाट इतका इंग्रजी की अमेरिकेतले त्यांचे विरोधकच त्यांना त्यावरून डिवचत. म्हणून लंडनला जास्त लागलं. शत्रूने शिवी दिली तर माणूस हसतो. हा घरचा आहेर होता.

गंमत अशी, की उत्तर देणारे ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांची आई अमेरिकन होती, इंडियानाची. इंग्रजाचा मुलगा अमेरिकेकडून बोलत होता आणि अमेरिकन बाईचा मुलगा इंग्लंडकडून.

एका निवृत्त माणसाच्या वाक्यावर एवढा गदारोळ का?

वेळ वाईट होती. ब्रिटनच्या अंगावर तेव्हा जखमांवर जखमा होत्या, आणि ॲचेसन यांनी बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागी.

पहिली जखम १९५६ची, सुएझची. इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलशी संगनमत करून हल्ला केला, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पौंडाला आधार द्यायला नकार देऊन ब्रिटनला अक्षरशः पैशाच्या जोरावर मागे फिरवलं. त्या वेळी अर्थमंत्री होते मॅकमिलन. मोहिमेला सगळ्यात आधी हो म्हणणारे आणि तिजोरी पाहून सगळ्यात आधी नको म्हणणारेही तेच. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी एकच पक्कं ठरवलं: वॉशिंग्टनला पुन्हा कधी दुखवायचं नाही. महायुद्धात अल्जियर्सला असताना तर त्यांनी म्हटलं होतं, की हे अमेरिकन म्हणजे नवे रोमन आणि आपण त्यांना शहाणपण शिकवणारे ग्रीक. उपमा छान आहे, पण रोममधले बरेचसे ग्रीक गुलाम होते, हे अभिजात शिक्षण घेतलेल्या माणसाला ठाऊक असणारच.

दुसरी जखम क्यूबाची. केनेडी मॅकमिलन यांना रोज रात्री फोन करत होते हे खरं. पण निर्णय झाल्यावर.

तिसरी जखम त्याच आठवड्यात चिघळत होती. तिचं नाव स्कायबोल्ट.

स्कायबोल्ट म्हणजे काय आणि त्याचा इथे काय संबंध?

विमानातून सोडायचं अमेरिकन क्षेपणास्त्र. ब्रिटनने स्वतःचं ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र १९६० मध्ये गुंडाळलं आणि अमेरिकेकडून स्कायबोल्ट घ्यायचं ठरवलं. बदल्यात स्कॉटलंडमधलं होली लोख बंदर अमेरिकेच्या पाणबुड्यांना दिलं. ब्रिटनची अण्वस्त्रं 'स्वतंत्र' आहेत, या दाव्याचा सगळा डोलारा या एका क्षेपणास्त्रावर उभा होता.

आणि १९६२च्या हिवाळ्यात अमेरिकेने ठरवलं, की स्कायबोल्ट महाग आहे, चाचण्या फसताहेत, बंद करू. भाषण झालं ५ डिसेंबरला. ११ डिसेंबरला संरक्षणमंत्री मॅकनामारा हीच बातमी घेऊन लंडनमध्ये उतरले. ब्रिटिश वर्तमानपत्रांना दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही: आधी म्हाताऱ्याला पुढे करून अपमान करायचा, मग शस्त्र काढून घ्यायचं.

माझ्या मते हा संशय चुकीचा होता. केनेडींच्या कार्यालयाने भाषणापासून अंतर राखलं, आणि दोन देशांचं नातं फक्त बळाच्या हिशेबावर उभं नाही अशी सारवासारव केली. ॲचेसन यांना कोणी पढवावं लागतं, असं त्यांना ओळखणाऱ्या कोणी म्हटलं नसतं. पण योगायोग इतका जुळून आला, की कटावर विश्वास ठेवणाऱ्यांना दोष देववत नाही.

पुढे १८ ते २१ डिसेंबर या दिवसांत बहामाजमधल्या नासाऊला केनेडी आणि मॅकमिलन भेटले. मॅकमिलन यांनी मैत्रीची, दोन महायुद्धांची, सगळी भावनिक पुंजी पणाला लावली आणि स्कायबोल्टऐवजी पोलारिस ही पाणबुडीवरची क्षेपणास्त्रं मिळवली. दुसऱ्या दिवशी, २२ डिसेंबरला, रद्द झालेल्या स्कायबोल्टची चाचणी यशस्वी झाली. नाटककाराने लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने हा प्रवेश कापला असता.

मॅकमिलन यांनी नेमकं काय उत्तर दिलं?

लॉर्ड चॅन्डॉस या उद्योगपती-राजकारण्याने आणि काही इतरांनी पंतप्रधानांना पत्र लिहून हा ब्रिटिश राष्ट्राचा जाणूनबुजून केलेला अपमान असल्याची तक्रार केली. त्याला मॅकमिलन यांनी जाहीर उत्तर दिलं. त्यातलं गाजलेलं वाक्य असं, की ब्रिटनच्या निर्धाराला कमी लेखायची चूक गेल्या चारशे वर्षांत बऱ्याच जणांनी केली आहे: स्पेनचा फिलिप, चौदावा लुई, नेपोलियन, कैसर आणि हिटलर.

टाळ्या घेणारं वाक्य. पण ॲचेसन यांनी ब्रिटनच्या निर्धाराबद्दल काही म्हटलंच नव्हतं. म्हटलं होतं ते ताकदीबद्दल. आणि यादीतल्या पाचही जणांना ब्रिटनने एकट्याने हरवलेलं नाही. प्रत्येक वेळी आघाडी होती, म्हणजे शेवटी ॲचेसन यांचाच मुद्दा.

त्याच उत्तरात एक शहाणं वाक्य आहे, ते मात्र कोणी लक्षात ठेवलं नाही. स्वतंत्र सत्तेचे दिवस सरले हे मान्य, पण मग हा नियम अमेरिकेसकट मुक्त जगातल्या प्रत्येक देशाला लावा, असा त्याचा रोख होता. मॅकमिलन यांना परिस्थिती पुरती ठाऊक होती. १९६० मध्ये केपटाउनला आफ्रिकेत बदलाचे वारे वाहत असल्याचं सांगणारे तेच, आणि १९६१ मध्ये कॉमन मार्केटच्या, म्हणजे युरोपीय समुदायाच्या, दारात अर्ज घेऊन उभे राहणारेही तेच. ॲचेसन जे मोठ्याने बोलले, ते मॅकमिलन गुपचूप करत होते. म्हणून तर राग अधिक.

मग ॲचेसन यांचं निदान बरोबर ठरलं का?

निदान बरोबर, औषध अर्धवट.

त्यांनी औषध सांगितलं होतं: युरोपात शिरा. पण दाराशी द गॉल उभे होते. १४ जानेवारी १९६३ रोजी, म्हणजे भाषणानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, त्यांनी एलिझे प्रासादातल्या पत्रकार परिषदेत ब्रिटनचा प्रवेश नाकारला. इंग्लंड हे बेट आहे, दर्यावर्दी आहे, त्याचा व्यापार आणि धान्य दूरदूरच्या देशांशी बांधलेलं आहे, हे त्यांचं कारण. न बोललेलं कारण नासाऊचं होतं: ज्या देशाची अण्वस्त्रं अमेरिकेकडून येतात, तो युरोपात अमेरिकेचा ट्रोजन घोडा, म्हणजे आत शिरलेला हस्तक, होणार. म्हणजे 'खास नातं' वाचवायला मॅकमिलन यांनी जे केलं, त्यानेच युरोपचं दार बंद झालं. तीन वर्तुळं एकमेकांना आधार देत नव्हती, एकमेकांना कापत होती.

१९६७ मध्ये मजूर पक्षाच्या विल्सन यांनी पुन्हा अर्ज केला, द गॉल यांनी पुन्हा नाही म्हटलं. त्याच नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं, २.८० डॉलरवरून २.४० वर. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन यांनी जाहीर केलं, की सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य १९७१ अखेर माघारी येईल. सिंगापूर गेलं, इराणचं आखात गेलं. भूमिका संपल्याची अधिकृत घोषणा खरं तर हीच. ती कोण्या परराष्ट्रतज्ज्ञाने केली नाही, खजिन्याने करवून घेतली.

१ जानेवारी १९७३ ला ब्रिटन अखेर युरोपीय समुदायात आला. १९७५च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी तिथे राहायला कौल दिला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. पुन्हा 'ग्लोबल ब्रिटन'ची घोषणा, पुन्हा अमेरिकेशी खास नातं, पुन्हा राष्ट्रकुलातल्या जुन्या ओळखी. चर्चिल यांची तीन वर्तुळांची तसबीर माळ्यावरून काढून पुसून टांगलेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

अर्थात ब्रिटन म्हणजे काही कोणी भणंग झालेला जमीनदार नाही. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे, अण्वस्त्रं आहेत, लंडनचा पैशाचा बाजार आहे. मध्यम आकाराचा, सधन, शहाणा देश. मोठ्या सत्तेचे कपडे तो अजून मापाला आणत बसला आहे, एवढंच.

या भाषणात भारताचा उल्लेख का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि उत्तरही म्हणून लांबणार आहे.

'साम्राज्य गमावलं' या दोन शब्दांत भारत आहे. पण ॲचेसन यांनी साम्राज्य आणि भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या: एक गेली, आता दुसरी शोधा. आपल्या बाजूने पाहिलं तर त्या वेगळ्या नव्हत्याच. ब्रिटनची जागतिक भूमिका भारताच्या खर्चाने चालत होती.

लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्येच लिहिलं होतं, की भारतावर राज्य आहे तोवर आपण जगातली सर्वांत मोठी सत्ता. भारत गेला की थेट तिसऱ्या दर्जाला घसरू. त्या माणसाबद्दल आपल्याकडे चांगलं बोलायची पद्धत नाही, पण हिशेब त्याला येत होता. एडनपासून हाँगकाँगपर्यंत ब्रिटनला कुठेही फौज लागली की ती भारतातून निघे, आणि तिचा बराचसा खर्च भारतीय महसुलातून होई. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांवर भारतीय सैनिक होते, सगळे स्वेच्छेने भरती झालेले. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना उचलून आणलं. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. इटली जिंकणं ही कोणाची 'भूमिका' होती आणि ती निभावली कोणी, हे रायगड-नगरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

युद्ध संपलं तेव्हा हिशेब उलटला होता. भारत ब्रिटनचा देणेकरी नव्हता, ब्रिटन भारताचा होता, शंभर कोटी पौंडांहून जास्त रकमेचा. हीच ती स्टर्लिंग शिल्लक. ब्रिटिश लष्कराचे प्रमुख ॲलनब्रूक यांनी पुढे लिहिलं, की १५ ऑगस्ट १९४७ ला साम्राज्याच्या संरक्षणाच्या कमानीतला कळीचा दगडच निखळला. कळीचा दगड काढल्यावर कमान काही काळ सवयीने उभी राहिल्यासारखी वाटते. ॲचेसन बोलले तेव्हा त्या सवयीला पंधरा वर्षं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं: ब्रिटनला भूमिका सापडत नव्हती याचं कारण कल्पनाशक्तीचा अभाव नव्हता. भूमिकेला भांडवल लागतं, आणि ते परत मालकाकडे गेलं होतं. 'गमावलं' हे क्रियापदसुद्धा लंडनच्या बाजूचं आहे. छत्री विसरावी तसं साम्राज्य कोणी गमावत नाही. पलीकडच्यांनी ते सोडवून घेतलेलं असतं.

राष्ट्रकुलाबद्दल ते म्हणाले ते तरी खरं होतं का?

बळ आणि बांधणीबद्दल, हो. भारत एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने प्रजासत्ताक म्हणून राष्ट्रकुलात राहिला, तो नेहरूंच्या सोयीने, ब्रिटनच्या हुकमाने नाही. सुएझच्या वेळी भारताने ब्रिटनला उघड विरोध केला. दक्षिण आफ्रिका वर्णद्वेषाच्या वादात मे १९६१ मध्ये बाहेर पडली. आणि १९६२ मध्ये ब्रिटननेच कायदा करून राष्ट्रकुलातल्या नागरिकांच्या येण्यावर बंधनं घातली. कुटुंबप्रमुखच उंबऱ्यावर कुलूप लावतो, ते कुटुंब कसलं?

पण बाजाराच्या सवलतींबद्दल ॲचेसन फारच तुच्छतेने बोलले. आपल्या चहाला, तागाला, गिरणीच्या कापडाला त्या सवलती जीवनमरणाच्या वाटत होत्या. ब्रिटन कॉमन मार्केटमध्ये गेला तर आपल्या मालाचं काय, ही चिंता घेऊन नेहरू सप्टेंबर १९६२ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले होते.

ॲचेसन यांचं भारताबद्दल मत काय होतं?

नेहरू १९४९च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला गेले तेव्हा दोघांचं जमलं नाही. आत्मचरित्रात ॲचेसन यांनी लिहिलंय, की नेहरू भारतासाठी इतके महत्त्वाचे होते की ते नसते तर निर्माण करावे लागले असते; आणि तरीही आपल्याला भेटलेल्या सर्वांत अवघड माणसांपैकी ते एक. कौतुक आणि चिमटा एकाच श्वासात. वेस्ट पॉइंटचीच शैली.

गोव्याचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ॲचेसन यांची बाजू लंगडी करतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने १३७३ पासूनचा मैत्रीकरार दाखवत ब्रिटनकडे मदत मागितली. ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध काही करायला असमर्थता दाखवली. बघा, राष्ट्रकुल अगदीच निर्जीव नव्हतं. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले, ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला.

आणि ॲचेसन? पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या हवाई तळासाठी त्याला दुखवू नका, अंगोला या त्याच्या आफ्रिकेतल्या वसाहतीवरून त्याच्यावर दबाव आणू नका, असा सल्ला ते केनेडींना सातत्याने देत होते. पुढे ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या राजवटीचीही त्यांनी बाजू घेतली. ब्रिटनला साम्राज्य संपल्याचं सुनावणारा हा माणूस लिस्बनला मात्र हे कधी सांगायला गेला नाही.

हाच आरसा त्यांनी अमेरिकेला दाखवला का?

उशिरा, पण दाखवला. व्हिएतनामबाबत ते बराच काळ आक्रमक गटात होते. मार्च १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी ज्येष्ठ सल्लागारांना बोलावलं, तेव्हा ॲचेसन यांनी स्पष्ट सांगितलं की ठरवलेलं काम हाती असलेल्या साधनांत आणि वेळेत होणार नाही, बाहेर पडायच्या वाटेला लागा. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. साधनं किती आणि सोंग किती, हा प्रश्न त्यांनी या वेळी स्वतःच्या देशाला विचारला होता.

भाषणाने घोटाळा करण्याचा त्यांना अनुभवही जुना होता. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी पॅसिफिकमधली अमेरिकेची संरक्षणरेषा सांगितली आणि तिच्यात कोरिया आला नाही. जूनमध्ये उत्तर कोरियाने हल्ला केला. त्या भाषणाने हल्ल्याला आमंत्रण दिलं हा आरोप अतिरेकी आहे, पण तो त्यांना शेवटपर्यंत चिकटला.

हे वाक्य आजच्या रशियाला किंवा अमेरिकेला लावता येईल का?

लावतात लोक. मला ते तयार शिवलेल्या सदऱ्यासारखं वाटतं, बाह्या नेहमी आखूड पडतात. रशियाने साम्राज्य गेल्याचं मान्यच केलेलं नाही, आणि अमेरिकेचा प्रश्न भूमिका सापडत नसल्याचा नसून सापडलेली नकोशी झाल्याचा आहे.

भाषण झालं त्या आठवड्यात आपल्याकडे काय चाललं होतं?

चीनने युद्धविराम जाहीर करून दोन आठवडे झाले होते. त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाण यांनी कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षण खातं हाती घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं कौतुक महाराष्ट्रात चाललं होतं. दिल्लीत मात्र शस्त्रांच्या याद्या तयार होत होत्या. नोव्हेंबरअखेर अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडिस दिल्लीत येऊन गेले, आणि मदतीच्या जोडीने काश्मीरवर पाकिस्तानशी बोला म्हणून आग्रह धरून गेले. भारताचे स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्या वाटाघाटी डिसेंबरअखेर सुरू झाल्या त्या त्यातूनच.

नासाऊला पोलारिसवरून घासाघीस चालली असतानाच केनेडी आणि मॅकमिलन यांनी भारतासाठी १२ कोटी डॉलरच्या तातडीच्या लष्करी मदतीवरही सहमती केली, निम्मी अमेरिकेची आणि निम्मी ब्रिटन व राष्ट्रकुलाची. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांच्या पलटणी ब्रिटनची कमान उचलून धरत होत्या, त्यांच्यासाठी आता ब्रिटन वर्गणी काढत होता, आणि तीही अमेरिकेशी निम्मीनिम्मी करून. मॅकमिलन यांना हे भूमिका बजावल्यासारखं वाटलं असेल. यशवंतरावांना डोंगरात लढायच्या तुकड्यांसाठी गरम कपडे आणि रायफली हव्या होत्या.